जैतुराबाईची धायटी

कागदावर त्यांचं वर्णन 'पंधरे जे., स्त्री, सफाई, रोजंदार' एवढंच होतं. सोळा वर्षं दर महिन्याला हजेरीपटावर ती ओळ मी माझ्या हातानं लिहिली. ओळीत चूक काही नव्हती, पण तिच्यात जैतुराबाईही नव्हत्या. झाडू त्या मारायच्या, तो सकाळी आठ ते नऊ. नऊनंतर संध्याकाळपर्यंत त्या जे करायच्या त्याला सरकारी कागदावर रकानाच नाही, आणि ज्याला रकाना नाही ते काम नाही, असं आमच्याकडं सगळे धरून चालतात. मीही चालले, उगाच साळसूदपणा करत नाही.

आमचं ऑफिस कोहमाऱ्याच्या पुढं, देवरीकडं जाताना हायवेला लागून आहे. खातं कोणतं ते सांगत नाही. नाव लिहिलं तर उद्या माझ्याच टेबलावर माझ्याच नावाची नोटीस यायची. मी तिथली हेडक्लार्क, रामटेके. गोंदियाच्या मुर्रीतून रोज बसनं ये-जा करते. सहा महिन्यांनी रिटायर होते आहे, म्हणून हे लिहायला अंगात बळ आलंय.

जैतुराबाई चिचगडच्या पलीकडच्या एका टोल्यावरच्या, म्हणजे छोट्या वस्तीवरच्या. ऑफिसमागं एक खोली घेऊन एकट्या राहायच्या आणि रविवारी गावाला जायच्या. काटक अंग, हातभर गोंदण, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं आणि कमरेला खुरपं. वाफ्यात शिरताना चपला बाहेर काढायच्या. झाडांशी गोंडीत बोलायच्या, आमच्याशी झाडीबोलीत आणि साहेबांशी हिंदीत. साहेब पुण्याकडचे असले तरी हिंदीतच. मी एकदा म्हटलं, "मावशी, साहेब मराठी आहेत." त्या म्हणाल्या, "मराठीत सांगून पाहिलं ना वो. त्याइले समजत नाई."

बोलणं तर असं की समोरच्यानं गप्पच बसावं. आमच्या एका कारकुनाला उरलेला चहा खिडकीबाहेरच्या कुंडीत ओतायची खोड होती. दोनदा त्याला सांगून झालं. तिसऱ्या वेळी जैतुराबाई आत आल्या, त्याच्या हातातून कप घेतला आणि त्याच्या उघड्या फाइलीवर तिरपा धरला. "टाकू का? तुह्या घरी मी टाकतो, तं माह्या घरी तू टाकजो." त्यानं पुन्हा कधी कुंडीकडं पाहिलं नाही. गेटपासून पोर्चपर्यंत उभ्या असलेल्या अशोकाच्या दोन रांगांना त्या 'हवालदार' म्हणायच्या. "ना फूल, ना फर, ना सावली. नुसते उभे राहून राहिले." आणि साहेबलोकांची लाडकी ती पिवळ्या पानांची दुरांटाची कुंपणं, त्यांना म्हणायच्या, "बकरीबी तोंड लावत नाई."

दुरांटा आमच्या पश्चिमेच्या भिंतीला तीनदा लावला आणि तीनदा मेला. तिथं खाली नुसता मुरूम आणि बांधकामाचा राडारोडा. चौथ्यांदा लावायला फंड नव्हता, म्हणून ती भिंत तशीच उघडी राहिली. एका पावसाळ्यात, सोमवारी सकाळी, जैतुराबाई बसमधून उतरल्या त्या मांडीएवढं ओलं पोतं घेऊन. आत धायटीची अकरा रोपं. चिचगडच्या डोंगरावरून खणून आणलेली. कंडक्टर म्हणाला, सामानाचं तिकीट काढा. त्या म्हणाल्या, "मांडीवरच्या लेकराचं तिकीट लागते का?" आणि अकराच्या अकरा रोपं मांडीवर घेऊन देवरीपासून इथपर्यंत बसून आल्या. हे कंडक्टरनंच मला नंतर हसत सांगितलं.

ज्यांनी जंगलात धायटी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. हे झाड नाही, झुडूप. माणसाच्या डोक्याएवढं वाढतं, काड्या लांब आणि वाकलेल्या. दगडात येतं, कुणाकडं पाणी मागत नाही. हिवाळा सरता सरता पानं गाळतं आणि नुसत्या काड्या उरतात. नव्या माणसाला वाटावं, गेलं हे. आणि मग पळसाच्याही थोडं आधी, त्या उघड्या काडीला बुडापासून टोकापर्यंत लाल फुलं लागतात. बोटाच्या पेराएवढी, आत मध असलेली. लहानपणी आम्हीही ती ओढून चोखलेली आहेत. फूल वाळवून औषधवाल्यांना विकतात. पण एक गोष्ट आहे. फूल येतं ते पावसाळ्यात वाढलेल्या काडीला. ती काडी हिवाळ्यात कापली, की त्या वर्षीचं फूल गेलं. जैतुराबाईंच्या घरी फूल वेचून झाल्याशिवाय धायटीची काडी कुणी मोडत नाही. आधी फूल, मग कोयता.

आमच्याकडं आधी सव्वीस जानेवारी.

प्रजासत्ताक दिन जवळ आला की सरकारी ऑफिसच्या अंगात येतं. वर्षभर ज्या आवाराकडं कुणी ढुंकून पाहत नाही त्याला चुना लागतो, दगडांना गेरू लागतो, झाडांचे बुंधे रंगतात, आणि 'वाळलेलं' सगळं कापलं जातं. तिसऱ्या वर्षी धायटी चांगली छातीएवढी झाली होती. पानं गळाली होती. जैतुराबाई रविवारला जोडून दोन दिवस गावी गेल्या होत्या. परत आल्या तेव्हा अकराही झुडपं घोट्याएवढी करून ठेवलेली, आणि भिंतीला पांढराशुभ्र चुना. त्या दिवशी त्या भिंतीपाशी जाऊन बसल्या आणि जेवायलाही उठल्या नाहीत.

धायटी मेली नाही. पावसात पुन्हा फुटली, पुन्हा छातीएवढी झाली. जानेवारीत पुन्हा कापली. मग पुढच्या वर्षी पुन्हा. साहेब बदलले, चुन्याचा ठेकेदार बदलला, कापणं बदललं नाही. जैतुराबाईंनी प्रत्येक साहेबाला सांगितलं. एक म्हणाले, बघू. एक म्हणाले, नियमानुसार होईल. एकांनी ऐकूनच घेतलं नाही. आमच्याकडं बदलून येणारे साहेब पहिल्याच आठवड्यात परत जायचा अर्ज टाइप करायला लावतात, त्यांना इथल्या झुडपाचं काय? माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची, आणि मी मात्र तोंड मिटून साहेबांना फाइल नेऊन द्यायची.

सहाव्या की सातव्या वर्षीचे साहेब जरा बागेचे शौकीन होते. एकदा पाहुण्यांना आवार दाखवत त्या भिंतीपाशी आले. जैतुराबाई तिथंच गवत काढत होत्या. पाहुण्यांनी विचारलं, हे कसलं झाड? साहेब म्हणाले, "जंगली काहीतरी आहे. इतकी वर्षं झाली, एक फूल नाही. वांझोटं आहे. उपटून दुरांटाच लावणार आहे."

जैतुराबाई उठून उभ्या राहिल्या. त्या वेळी मात्र हिंदी नाही बोलल्या.

"वांझ कोन मनते? दरसाली कापता तुमी, अन् वांझ ती?"

साहेब हसले, पाहुणेही हसले, आणि सगळे पुढं गेले. मी मागं राहिले. मग जैतुराबाईंनी मला जे सांगितलं ते त्यांनी आधीही कधी सांगितलं नव्हतं आणि नंतरही नाही. विशीच्या आत त्यांच्या नवऱ्यानं त्यांना याच शब्दावरून घराबाहेर काढलं होतं आणि दुसरी आणली होती. "दुसरीलेबी काई झालं नाई. मंग तिलेबी हाकललं. आता मले सांग बाई, दोष कोनात होता?" त्या पुन्हा खाली बसल्या आणि गवत काढायला लागल्या.

त्याच आठवड्यात त्यांनी मला अर्ज लिहायला लावला. मी नेहमीच्या सवयीनं लिहिला. 'उपरोक्त विषयान्वये विनंती करण्यात येते की, कार्यालयीन परिसरातील शोभिवंत झुडपांची छाटणी तूर्तास स्थगित ठेवण्याबाबत उचित कार्यवाही व्हावी.' वाचून दाखवला. त्यांनी नीट कान देऊन ऐकला आणि विचारलं, "यात धायटी कुठं आहे?" म्हटलं, झुडपांत आली ती. "अन् मी?" म्हटलं, खाली सही करायची. त्यांनी साक्षरतेच्या वर्गात शिकलेलं आपलं नाव अर्ध्या पानभर मोठं काढलं. कागदाला आवक नंबर पडला, कागद वर गेला, आणि 'नस्तीबद्ध करावे', म्हणजे फाइलीत लावून टाका, असा शेरा घेऊन दीड महिन्यानं खाली आला. तोपर्यंत जानेवारी होऊन गेला होता.

तो शेरा मी त्यांना दाखवला तेव्हा त्यांनी एक विचारलं, आणि ते मला आजवर टोचतं.

"हे कापाचं दरसाली लिहते कोन?"

"साहेब."

"सही सायबाची. लिहते कोन?"

लिहीत होते मी. आमच्याकडं टिप्पणी कशी होते ते सांगते, म्हणजे कळेल. मागच्या वर्षीची फाइल उघडायची, तारीख बदलायची, प्रिंट काढायची, सही घ्यायची. साफसफाईच्या टिप्पणीत पाचवा मुद्दा होता: 'पश्चिम भिंतीलगतची वाळलेली व निरुपयोगी झुडपे छाटून परिसर स्वच्छ करणे.' तो मुद्दा पहिल्यांदा आला तेव्हा तिथं मेलेला दुरांटा होता. दुरांटा जाऊन धायटी आली, तरी मुद्दा तसाच राहिला. इतकी वर्षं मी तो नुसती तारीख बदलून पुढं पाठवला. साहेबांनी न वाचता सही केली आणि कापणाऱ्यांनी वाचून कापलं. म्हणजे धायटीचं फूल खाणारं माणूस शोधायला कुठं लांब जायचं नव्हतं. ते माझ्याच खुर्चीत बसलं होतं. मी साहेबलोकांवर दात-ओठ खात होते आणि दर जानेवारीत कात्री माझ्या की-बोर्डमधून निघत होती.

जैतुराबाईंना मी ते कबूल केलं. वाटलं, आता चहाच्या कपासारखं काहीतरी माझ्या डोक्यावर येणार. त्यांनी हातातलं खुरपं खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "तुले मालूम नवतं?"

"वाचलं नव्हतं, मावशी."

"लिहते अन् वाचत नाई," त्या म्हणाल्या. "गजब काम आहे तुमचं."

त्याच वर्षाअखेरीला, म्हणजे गेल्या डिसेंबरात, सफाईचं काम ठेकेदाराच्या एजन्सीला गेलं. पहिल्या फेब्रुवारीपासून एजन्सीची माणसं, आणि अठ्ठावन्नच्या वरच्या बाया नको. जैतुराबाईंना एकतीस जानेवारी शेवटचा दिवस. पेन्शन नाही, काही नाही, रोजंदाराला कसलं आलंय. हे पत्र मीच त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी नोकरीबद्दल चकार शब्द काढला नाही. म्हणाल्या, "एक डाव फुलू दे वो बाई. आनली मी अन् पाह्यली नाई. एवढं कर."

मी पाचवा मुद्दा काढून टाकला. एवढंच केलं. डिलीटचं बटण दाबलं, सहाव्याचा पाचवा केला आणि सहीला पाठवला. नव्या साहेबांनी न वाचता सही केली. तेवीस तारखेला कापणारे आले आणि सवयीनं थेट पश्चिमेच्या भिंतीकडं वळले. जैतुराबाई खुरपं घेऊन आडव्या उभ्या राहिल्या. मी टिप्पणी हातात घेऊन धावत गेले आणि म्हटलं, यात कुठं लिहिलंय ते दाखवा. मुकादमानं कागद वरून खाली वाचला, मग खालून वर वाचला. "कागजमेच नाई तं आमी कायले कापू?" म्हणाला, आणि माणसं घेऊन दुसरीकडं गेला. इतकं सोपं होतं. इतक्या वर्षांची एक बाई, अकरा झुडपं, आणि मध्ये एक ओळ. त्या दुपारी मी जेवणाचा डबा उघडला नाही, माझाच मला इतका संताप आला होता.

एकतीस तारखेला काड्यांना नुसत्या कळ्या दिसत होत्या, दाणा दाणा. फूल एकही नाही. जैतुराबाई संध्याकाळच्या बसनं गेल्या. निरोपसमारंभ सोडा, ऑफिसतर्फे एक कप चहा झाला नाही. साहेबांना तर त्या गेल्या हेही ठाऊक नव्हतं.

फेब्रुवारीच्या मध्यावर भिंत पेटली. हायवेवरचे ट्रकवाले गाडी बाजूला लावून फोटो काढायला लागले. मधमाश्यांचा आवाज माझ्या टेबलापर्यंत यायचा. साहेब बाहेर आले, पाहून थक्क झाले, आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या ग्रुपवर धायटीसमोर उभे असलेले त्यांचे सात फोटो पडले. लगेच आवाराच्या सौंदर्याची कुठलीशी वरची समिती बोलावली. मंगळवारी दुपारी यायची ठरली. मला बोर्डाचा मजकूर टाइप करायला दिला: 'स्थानिक वनस्पतींचे उद्यान. संकल्पना व प्रेरणा:' आणि पुढं साहेबांचं नाव.

मी म्हटलं, "सर, ही झाडं जैतुराबाईंनी लावली. पंधरे. त्यांचं नाव घालू या."

"कोण पंधरे?"

"सफाईला होत्या."

"रोजंदारांची नावं बोर्डावर येत नाहीत, मॅडम. काही प्रोटोकॉल असतो."

नोकरीत मी फार गिळलं, पण हे घशाखाली उतरेना. बोर्ड मी टाइप करून दिला, खोटं कशाला बोलू. पण त्याच संध्याकाळी चिचगडला त्यांच्या भाचीच्या मोबाइलवर फोन केला. म्हटलं, मावशीला सांग, फुललीय. मंगळवारी सकाळी या म्हणावं.

मंगळवारी त्या पहिल्या बसनं आल्या. मी त्या दिवशी मुद्दाम लवकर पोचले होते. त्यांच्या हातात बांबूची टोपली आणि धुतलेलं पांढरं फडकं. एजन्सीच्या वॉचमननं पास विचारला, मी म्हटलं, माझ्या पाहुण्या आहेत. जैतुराबाई भिंतीकडं गेल्या आणि थोड्या अलीकडंच थांबल्या. किती वेळ उभ्या होत्या, मी घड्याळ पाहिलं नाही. पहिल्या झुडपापासून अकराव्यापर्यंत गेल्या, परत आल्या, पुन्हा गेल्या. प्रत्येकाशी गोंडीत काहीबाही बोलत होत्या. एका काडीवरून फूल ओढलं, चोखलं, आणि डोळे मिटले. त्यांचा चेहरा मी इतक्या वर्षांत तसा पाहिला नव्हता. मला रडू आलं, आणि ते लपवावंसंही वाटलं नाही.

मग त्यांनी टोपली खाली ठेवली, फडकं अंथरलं आणि फुलं ओरबाडायला सुरुवात केली. बुडापासून वर, काडी मुठीत धरून, एका ओढीत.

"मावशी, काय करता? दुपारी समिती यायची आहे."

"मंग? फुलली ना? फुलली की वेचा लागते." त्यांचा हात थांबला नाही. "सायबाच्या पाटीले नाई फुलली ते."

मला वाटलं, थांबवावं. आणि मग वाटलं, कुणासाठी? मी पर्स वॉचमनच्या खुर्चीवर ठेवली, पदर खोचला आणि दुसऱ्या टोकानं वेचायला लागले. त्यांनी मला फक्त एकदा टोकलं: "वरचं नको घेऊ. ते माश्याइचं, पाखराइचं." साडेदहापर्यंत अकराही झुडपं शेंड्यापुरती लाल उरली. खाली नुसत्या काड्या.

साहेबांची गाडी आत आली. उतरले, भिंतीकडं पाहिलं, आणि दार उघडंच टाकून धावत आले. "हे कोणी केलं? कोण आहे ही बाई? मॅडम, हे काय चाललंय? वर्षभराची मेहनत आहे ही."

जैतुराबाईंनी फडक्याच्या चारी टोकांची गाठ मारली. दातांनी ओढून घट्ट केली. टोपली डोक्यावर घेतली आणि साहेबांकडं नीट बघत शांतपणे म्हणाल्या, "झालं, सायेब. आता कापा."

साहेब माझ्याकडं पाहायला लागले, मी भाषांतर करावं अशी अपेक्षा असल्यासारखे. मी केलं नाही. जैतुराबाई त्यांच्या बाजूनं गेटबाहेर पडल्या.

मी त्यांच्या मागं बसथांब्यापर्यंत गेले. ऑफिसात काय होणार याची धाकधूक होती, पण मेमो यायचा तो येवो, असंही वाटत होतं. मला काहीतरी मोठं बोलायचं होतं, माफी वगैरे. जमलं नाही. म्हटलं, "मावशी, पुढच्या साली मी नसेन इथं. पण फुलली की कुणाकडून तरी फोन करवते. याल ना?"

देवरीची गाडी आली. त्यांनी आधी टोपली आत दिली, मग पायरीवर पाय ठेवला आणि मागं वळल्या.

"मले नको बलावजो," त्या म्हणाल्या. "तू जाशीन त्याच्या आधी कागद नीट लिहून ठेवजो."